विश्लेषण : पक्षी पाहण्यासाठी पहिली दुर्बीण कोणती घ्यावी? ‘जास्त पट’ म्हणजे जास्त चांगली का नाही?

पावसाळा संपून ज्वारीची पेरणी झाली की धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील माळांवर आणि तलावांवर हिवाळी पाहुणे पक्षी उतरू लागतात. ज्येष्ठ अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला काळ राज्यात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो. त्या निमित्ताने शाळकरी मुले, शिक्षक, निवृत्त कर्मचारी असे अनेक जण पहिल्यांदा पक्षी पाहायला बाहेर पडतात आणि लगेच पहिली दुर्बीण घेण्याचा विचार करतात. ही खरेदी अनेकदा ‘किती पट जवळ दिसते’ या एकाच प्रश्नावर होते. मग दुर्बिणीतून पक्षी सापडत नाही, चित्र हलते, डोके दुखते आणि दुर्बीण कपाटात जाते. आठ-दहा हजार रुपये खर्च करण्याआधी नेमके काय पाहावे, याचा हा आढावा.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात दुर्बीण कशासाठी?

घनदाट जंगलात पक्षी जवळ असतो, पण पानाआड लपलेला. माळरानावर नेमके उलटे. पक्षी उघड्यावर असतो, पण दूर असतो. माणसाला लपायला आडोसा नसल्याने तो जवळ येऊही देत नाही. हिवाळ्यात गवतावरून संथपणे तरंगत जाणारा भोवत्या, ढेकळांत मिसळून जाणारा चंडोल, खडकाळ माळावर धावत जाऊन थबकणारा धाविक हे पक्षी नुसत्या डोळ्यांना ‘काहीतरी तपकिरी’ एवढेच दिसतात.

तलावांवरही तीच अडचण आहे. परंड्याकडचे सीना-कोळेगाव, तेरजवळचे तेरणा, नळदुर्गचा बोरी नदीचा परिसर अशा पाणवठ्यांवर बदकांचे थवे काठापासून लांब, पाण्याच्या मध्यावर बसतात. त्यात चक्रवाक किती, थापट्या किती, हे दुर्बिणीशिवाय सांगता येत नाही. येडशी-रामलिंग घाट अभयारण्य हा जिल्ह्यातला तिसरा प्रकार. सुमारे २२ चौरस किलोमीटरच्या या झुडपी, दऱ्याखोऱ्यांच्या जंगलात पक्षी जवळ असतात, पण सावलीत असतात. त्यामुळे इथल्या पहिल्या दुर्बिणीला उघडा माळ, पसरलेले पाणी आणि अंधारी दरी या तिन्ही ठिकाणी काम करावे लागते.

८×४२ या आकड्यांचा अर्थ काय?

प्रत्येक दुर्बिणीवर असे दोन आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे पट. ८ पट म्हणजे ४०० मीटरवर बसलेला पक्षी ५० मीटरवर बसल्यासारखा दिसणार. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग जितके मोठे तितका उजेड जास्त आत येतो. ४२ मिलिमीटरच्या भिंगाचे क्षेत्रफळ खिशात मावणाऱ्या २५ मिलिमीटरच्या भिंगाच्या पावणेतीनपटींहून अधिक असते. मात्र भिंगाबरोबर वजनही वाढते. ४२ मिलिमीटरची दुर्बीण साधारण ६०० ते ७५० ग्रॅमची, तर ३२ मिलिमीटरची ४५० ते ५५० ग्रॅमच्या आसपास असते.

या दोन आकड्यांखेरीज तिसरा महत्त्वाचा आकडा असतो तो दृश्यविस्ताराचा. ‘१००० मीटरवर इतके मीटर’ अशा रूपात तो दुर्बिणीवर किंवा माहितीपत्रकात लिहिलेला असतो. चांगल्या ८ पटीच्या दुर्बिणीत तो साधारण १२० ते १४० मीटर असतो. पक्षी सापडणार की नाही, हे बऱ्याच अंशी या आकड्यावर ठरते.

मग दहा, वीस, तीस पट का नको?

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. ४०० मीटरवरचा भोवत्या ८ पटीने ५० मीटरवर येतो, १० पटीने ४० मीटरवर. म्हणजे फायदा फक्त दहा मीटरचा. त्या बदल्यात तीन गोष्टी गमवाव्या लागतात.

पहिली गोष्ट दृश्यविस्तार. १० पटीच्या दुर्बिणीत तो साधारण १०० ते ११५ मीटरवर येतो. क्षेत्रफळाच्या हिशेबात सुमारे एक तृतीयांश चित्र कमी होते. ५० मीटरवरच्या बाभळीत ८ पटीची दुर्बीण सहा-सात मीटर रुंदीचा भाग दाखवते, १० पटीची पाच-साडेपाच मीटरचा. फांदीवरून फांदीवर उड्या मारणारा शिंजीर शोधताना नवशिक्याला हा फरक लगेच जाणवतो. पक्षी उडून जातो, दुर्बीण मात्र अजून फांद्यांतच फिरत असते.

दुसरी गोष्ट स्थिरता. दुर्बीण पक्ष्याबरोबर हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढवते. सरावलेला माणूस १० पट हातात धरू शकतो. १२ पटीच्या पुढे बहुतेकांना तिपाई लागते.

तिसरी गोष्ट माळाची हवा. ऊन तापले की जमिनीलगतची गरम हवा वर चढू लागते आणि दूरचे दृश्य पाण्यातून पाहिल्यासारखे हलते. डांबरी रस्त्यावर दुपारी दिसणारे मृगजळ याच कारणाने दिसते. दुर्बिणीचे पट वाढवले की ही थरथरही वाढते. फेब्रुवारी-मार्चच्या माळावर उन्हे चढल्यानंतर लाखाची दुर्बीणही दूरच्या पक्ष्याच्या पिसांचा तपशील दाखवू शकत नाही. त्यावर उपाय एकच, सकाळी लवकर निघणे.

बाजारात आणि ऑनलाइन दिसणाऱ्या ‘३०×६०’ किंवा ‘१० ते ३० पट झूम’ अशा स्वस्त दुर्बिणी पक्ष्यांसाठी घेऊ नयेत. लिहिलेले आकडे खरे धरले, तरी इतक्या पटीला चित्र अंधूक आणि अरुंद होते आणि हातात स्थिर राहत नाही. झूमच्या यंत्रणेत दोन्ही नळ्या सर्व पटींना एकसारख्या जुळलेल्या ठेवणे अवघड असते. स्वस्त दुर्बिणीत ते जमत नाही, त्यामुळे डोळ्यांवर ताण येतो. लालभडक चमकणारी भिंगेही टाळावीत. ती लाल उजेड परत फेकतात, म्हणून आत दिसणारे चित्र निळसर-हिरवट होते. पक्षी रंगावरून ओळखायचा असताना हा मोठाच तोटा आहे.

उजेडाचे गणित काय?

पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटींनी भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८×४२ मध्ये ती ५.२५ मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२, ८×३२ मध्ये ४, तर १०×२५ मध्ये फक्त २.५ मिलिमीटर. माणसाची बाहुली लख्ख उन्हात दोन-तीन मिलिमीटर एवढीच उघडी असते. म्हणून भर दुपारी सगळ्याच दुर्बिणी सारख्या उजळ वाटतात, आणि दुकानाबाहेर दुपारी दुर्बीण पाहणाऱ्याची फसगत होते. पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहुली मोठी होते, तेव्हा जाड प्रकाशझोत उपयोगी पडतो. पक्ष्यांची लगबगही नेमकी त्याच वेळी असते. येडशीच्या दरीत सकाळी सात वाजता किंवा संध्याकाळी रस्त्यालगत बसलेला रातवा पाहताना ८×४२ आणि १०×२५ मधला फरक स्पष्ट दिसतो.

वयानुसार बाहुली कमी उघडू लागते. साठीपुढच्या अनेकांची बाहुली अंधारातही चार-पाच मिलिमीटरच्या पुढे जात नाही. त्यामुळे मानेचे किंवा खांद्याचे दुखणे असलेल्या ज्येष्ठांना हलकी ८×३२ अधिक सोयीची. कॉलेजच्या तरुणाला पहाटे तलावावर जायचे असेल तर ८×४२ बरी.

पोरो की रूफ?

भिंगांतून आलेले चित्र उलटे असते. ते सुलटे करण्यासाठी आत काचेचे लोलक, म्हणजे प्रिझम बसवलेले असतात. इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ मध्ये अशा रचनेचे पेटंट घेतले. जर्मनीत एर्न्स्ट आबे यांच्या कामातून झाइस कंपनीने १८९४ मध्ये या लोलकांच्या दुर्बिणी बाजारात आणल्या. जुन्या चित्रपटांत दिसणारी रुंद खांद्यांची दुर्बीण ती हीच. ‘रूफ’ प्रकारात लोलक सरळ रेषेत बसतात, म्हणून दुर्बीण सडपातळ असते.

पोरो बनवायला तुलनेने सोपी असल्याने कमी पैशांत तिचे चित्र अधिक चांगले मिळते. तिची अडचण बांधणीची. बहुतेक पोरो दुर्बिणींत फोकस करताना मागचा भाग आत-बाहेर सरकतो, त्यामुळे फटीतून धूळ आणि ओल आत जाऊ शकते. रूफ दुर्बीण बंदिस्त असते. चांगल्या रूफ दुर्बिणीत नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे आत बाष्प धरत नाही. काळ्या मातीची धूळ आणि पावसाळी ओल पाहता आपल्याकडे हा गुण मोलाचा आहे. मात्र स्वस्त रूफ दुर्बिणीचे चित्र मऊ, धूसर येते. लोलकांवर ‘फेज कोटिंग’ नसणे हे त्याचे एक कारण. हे तंत्र झाइसने १९८८ मध्ये आणले आणि आता ते मध्यम किमतीतही मिळते. थोडक्यात, हात आखडता असेल तर चांगल्या कंपनीची पोरो घ्यावी. थोडे पैसे वाढवता येत असतील तर फेज कोटिंग असलेली, जलरोधक रूफ घ्यावी. अगदी स्वस्त रूफ मात्र घेऊ नये.

भिंगांवरचे कोटिंग म्हणजे काय?

कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चार-पाच टक्के उजेड परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले, तरी एक तृतीयांशाच्या आसपास उजेड वाटेतच गळतो. म्हणून खोक्यावर ‘फुली मल्टी-कोटेड’ असे शब्द आहेत का, ते पाहावे. याचा अर्थ हवेला लागणाऱ्या सर्व पृष्ठभागांवर अनेक थरांचे कोटिंग आहे. नुसते ‘कोटेड’ लिहिले असेल तर एखाद्या पृष्ठभागावर एकच थर असू शकतो. लोलकाची काच ‘बीएके-४’ असावी, ‘बीके-७’ नव्हे. याची परीक्षा घरीही करता येते. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे पाहावे. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाची चकती पूर्ण गोल दिसली तर ठीक. कडा कापल्यासारखी, चौकोनी दिसली तर लोलक हलका आहे.

चष्मा असेल तर?

चष्मा लावणाऱ्यांनी ‘आय रिलीफ’ हा आकडा पाहिल्याशिवाय दुर्बीण घेऊ नये. डोळा भिंगापासून किती दूर ठेवला तरी पूर्ण चित्र दिसते, ते अंतर म्हणजे आय रिलीफ. चष्मा लावून पाहायचे तर ते किमान १५-१६ मिलिमीटर हवे. कमी असेल तर चित्र बोगद्यातून पाहिल्यासारखे दिसते. स्वस्त पोरो दुर्बिणींत हे अंतर अनेकदा १२ मिलिमीटरच्या आसपास असते. डोळ्याकडची रबरी कडी फिरवून वर-खाली होणारी असावी. चष्मा असेल तर कडी खाली, नसेल तर वर. मुलांसाठी घेत असाल तर दोन नळ्या त्यांच्या डोळ्यांइतक्या जवळ येतात का, हे तपासावे. नाहीतर मूल एकाच डोळ्याने पाहत राहते आणि पालकांना ते कळतही नाही.

किती पैसे ठेवावेत?

किमती बदलत्या असतात, पण अंदाज असा. दोन-तीन हजारांच्या आतल्या बहुतेक दुर्बिणी खेळण्यातल्या समजाव्यात. आठ ते बारा हजारांत नामांकित कंपनीची ८×४० किंवा ८×४२ पोरो मिळू शकते. बारा ते अठरा हजारांत सुरुवातीची चांगली, जलरोधक रूफ मिळते. पंचवीस हजारांपुढे चित्र अधिक रेखीव होते, पण दामदुप्पट पैशांत फरक दुप्पट पडत नाही. युरोपीय कंपन्यांच्या दुर्बिणी लाखाच्या पुढे जातात. पहिल्या दुर्बिणीसाठी त्यांची गरज नाही.

सोयाबीनच्या हमीभावाकडे डोळे लावून बसलेल्या घरात दहा हजार ही लहान रक्कम नाही. म्हणून पहिला सल्ला घाई न करण्याचा. एक हंगाम कुणाबरोबर तरी फिरावे, त्यांच्या दुर्बिणीतून पाहावे. शाळांनी प्रत्येक मुलाला खेळण्यातली दुर्बीण देण्यापेक्षा दोन-तीन चांगल्या दुर्बिणी सामाईक ठेवल्या तर त्या कैक तुकड्यांना पुरतात.

जवळ दुकान नसेल तर तपासायची कशी?

पक्षीनिरीक्षणाच्या दुर्बिणी हाताळून पाहण्यासाठी अनेकांना पुण्या-मुंबईकडे जावे लागते. त्यामुळे खरेदी बहुधा ऑनलाइनच होते. तेव्हा परत करण्याची मुदत किती, हे आधी वाचावे आणि त्या मुदतीत पुढील तपासणी उरकावी.

दूरच्या मोबाइल टॉवरकडे पाहावे. तो दुहेरी दिसला किंवा दहा मिनिटे पाहिल्यावर डोके जड झाले, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. कुरिअरमध्ये आपटल्यानेही असे होते. ती दुर्बीण घरी दुरुस्त करू नये, परत करावी. तारेवर बसलेला कावळा किंवा कोतवाल उजळ आकाशासमोर पाहावा. त्याच्या कडेला थोडी जांभळी-हिरवी किनार सर्वच दुर्बिणींत दिसते, पण ती डोळ्यांत भरण्याइतकी नसावी. दुकानाची पाटी चित्राच्या मधोमध आणि मग कडेला घेऊन वाचावी. फोकसचे चाक एका बोटाने फिरले पाहिजे आणि मध्येच अडखळता कामा नये. दुर्बीण हळू हलवली असता आत काही खडखडू नये. ही सगळी तपासणी पुन्हा एकदा सूर्योदयाच्या सुमारास करावी. सूर्याकडे मात्र दुर्बीण चुकूनही धरू नये, दृष्टी कायमची जाऊ शकते.

जुनी दुर्बीण मिळत असेल तर टॉर्चचा उजेड पुढच्या भिंगातून आत पाडून पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. अशी दुर्बीण फुकट मिळाली तरी विचार करून घ्यावी.

घेतल्यावर पहिले काम कोणते?

जुळवणी. आधी बिजागरी वाकवून दोन्ही नळ्यांतले चित्र एका वर्तुळात आणावे. मग उजवी नळी झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचा फोकस नीट करावा. त्यानंतर डावी झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नळीवरची कडी फिरवून उजव्या डोळ्याचा फोकस करावा. कडीवरची ती खूण लक्षात ठेवावी. ‘दुर्बीण खराब आहे’ अशी तक्रार कित्येकदा एवढे न केल्यामुळे होते.

पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरच ठेवावी आणि दुर्बीण उचलून डोळ्यांपुढे आणावी. मान खाली घालून दुर्बीण शोधली की पक्षी हरवतो. सुरुवातीला घराजवळच्या वेड्या राघूवर आणि कोतवालावर सराव करावा. ते त्याच तारेवर परत परत येतात.

भिंगावर धूळ बसली तर आधी फुंकणीने उडवावी आणि मगच मऊ कापडाने पुसावे. शर्टाच्या टोकाने किंवा उपरण्याने पुसले की धुळीचे कण कोटिंगवर ओरखडे पाडतात. पावसाळ्यात दुर्बीण चामडी पेटीत कोंडून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

कॅमेरा असताना दुर्बिणीची गरज आहे का?

कॅमेऱ्याने छायाचित्र मिळते, पण चांगल्या छायाचित्रासाठी माणूस जवळ जात राहतो. माळरानावर ते घातक ठरू शकते. टिटवी, माळटिटवी, धाविक, चंडोल यांची घरटी उघड्या जमिनीवर असतात. माणूस जवळ रेंगाळला तर पक्षी अंड्यांवरून उठतो आणि उन्हात अंडी तापतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करणे हे शिकारीच्या व्याख्येत येते. दुर्बीण लांबूनच पाहू देते. माळटिटवीच्या डोळ्यांपुढची लोंबती कातडी पिवळी आहे की टिटवीसारखी लाल, हे शंभर मीटरवरूनही कळते. येडशीच्या अभयारण्यात जाताना मात्र वनविभागाला विचारूनच जावे. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ तिथे कॅमेऱ्यात टिपला गेला होता.

सामान्य माणसाच्या पाहण्याने काय साधते?

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले नान्नज हे याचे जवळचे उदाहरण. तिथल्या माळावर माळढोक असल्याचे १९७२ मध्ये सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी निदर्शनास आणले. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झाले. एके काळी ८,४९६ चौरस किलोमीटर असलेले हे क्षेत्र पुढे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले आणि माळढोकही तिथे क्वचितच दिसू लागला. पण कुणी तरी नीट पाहून नोंद केली, म्हणूनच काय होते आणि काय गेले, हे आज सांगता येते.

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३’ हा अहवाल देशभरातील तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. गवताळ आणि मोकळ्या जागेतले पक्षी, शिकारी पक्षी, बदके यांची घट त्यात ठळकपणे दिसते. गावोगावी तारांवर बसणारा नीलपंखही घटत असल्याचे त्यातूनच पुढे आले. धाराशिव जिल्ह्याचा मोठा भाग नेमका अशाच पक्ष्यांचा आहे.

मात्र चुकीची नोंद नसलेल्या नोंदीपेक्षा वाईट. नर मोंटेग्यू भोवत्याच्या राखाडी पंखावर काळी रेघ असते, नर पॅलिड भोवत्याच्या पंखावर ती नसते. ती रेघ दिसली की नाही, यावर नोंद खरी की खोटी हे ठरते. त्यासाठी तीस पटीची दुर्बीण लागत नाही. सकाळचा उजेड, स्थिर हात आणि साधी, नीट जुळवलेली ८×४२ पुरते.